गप्प बसलेलं गाव

रूथची पत्रं तीन ओळींवर आली, तेव्हाच मला संशय आला. "आम्ही मजेत. बाळी चालू लागली. काळजी नसावी." काळजी नसावी, असं उगाच कोण लिहितं? लेक आणि नात सुखात नसतील तर दोघींना इटारसीला घेऊनच परतायचं, असं ठरवून, येतोय एवढंच कळवून, मी रिकामी ट्रंक उचलली. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. रविवारच्या सभेत गप्प बसतो. ज्याला आतून बोलावंसं वाटेल, तोच उभा राहतो. मी तीस वर्षं नुसता बसलोय.

मद्रासच्या गाडीने चांद्याला उतरा. छोट्या गाडीचं स्टेशन वेगळं आहे, दोघांना विचारून घ्या. मी तिघांना विचारलं. मूलपर्यंत ती गाडी, पुढे सर्व्हिस मोटार, मग वैनगंगेवर डोंगा. भाडं बसण्याआधी ठरवा.

"कोनाकडे जाता भाऊ?" डोंगेवाल्याने विचारलं.

"शाळेच्या मास्तरांकडे. मी त्यांचा सासरा."

त्याने जे तोंड मिटलं, ते काठ येईपर्यंत.

गावातही तेच. ओट्यावरची माणसं मला पाहताच चूप. जावयाने हातानेच आत बोलावलं. विहीणबाईंनी भात आणि लाखोळीची डाळ वाढली, पण एक शब्द नाही. डाळ झकास होती, तरी घास उतरेना. रूथच्या हातांवर वळ नाहीत ना, हेही मी हळूच पाहून घेतलं.

दुपारी तिला परसात गाठलं. आमच्यात शपथ घालत नाहीत, म्हणून एवढंच म्हणालो, "खरं सांग. सगळे काय लपवताय?"

उत्तर दाराआडून विहीणबाईंनी दिलं. "लपवू काऊन भाऊ? तुमी चूप बसून देव पुजता, असं सूनबाईनं सांगतलं. म्हनून मीच साऱ्यायले बजावलं, भाऊसमोर कोनी बोलू नोका. डोंगेवाल्यालेबी."

"आणि पत्रं?" मी रूथला विचारलं.

"बाबा, तुमचीही तीनच ओळींची असतात. मला वाटलं, तुम्हाला तेवढंच आवडतं."

मला फार लाज वाटली. पुढचे चार दिवस विहीणबाई अखंड बोलत होत्या, आणि नात माझा चष्मा ओढत होती. येताना ट्रंक तांदळाने भरलेली होती.

रविवारी सभेत मी उभा राहिलो. बाकांवर चुळबुळ झाली.

"माझी लेक सुखात आहे," मी म्हणालो. "आणि मला तिची रोज आठवण येते. हे तिला मी कधी लिहिलं नाही."