सहा मीटरवरची सात मिनिटं

रफिकला आमच्या डायव्हिंग ऑफिसरने फसवलं. त्याच्या रेकॉर्डवर शेरा मारला: 'घाबरून वेगाने वर आला.' साफ खोटं. त्याच दोरीवर मी त्याच्यासोबत होतो.

आम्ही दोघं नौदलात पाणबुडे. रफिक शुक्रवार पेठेतला, मी करकंबचा. दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. आज नवी पेठेत माझं चादरींचं दुकान आहे. घासाघीस माझ्या रक्तात आहे, ती पाण्याखालीही सुटली नाही. खोल पाण्यात रक्तात नायट्रोजन विरघळतो. वर येताना थांबलं नाही तर त्याचे बुडबुडे होतात. कुठे किती थांबायचं ते सांगणारा तक्ता, आमचं टेबल, पाच मिनिटं थांबा म्हणायचं, मी सात घ्यायचो.

रफिक वैतागायचा. "मालक, हितं तरी घासाघीस नको की!"

त्या सकाळी तुटलेला नांगर शोधायला ०९१० ला तीस मीटर खाली गेलो. ०९३५ ला वर निघालो. सहा मीटरवर सात मिनिटं थांबलो. ०९४६ ला बोटीत. दहाला रफिक पोट खाजवू लागला.

"सूट चावतोय काय रे?"

"सूट न्हाय, मालक. डावा पाय पण माझा वाटंना."

पोटावर जांभळी नक्षी उमटली होती. ऑफिसर म्हणाले, "लॉग पूर्ण करू द्या."

"सर, लॉग नंतर. आधी चेंबर!" मी ओरडलो. रफिकला ऑक्सिजन लावला आणि रेडिओ उचलला. "चेंबर तयार ठेवा. एक डायव्हर, डावा पाय बधिर. ओव्हर."

पुन्हा दाब देऊन बुडबुडे विरघळवणाऱ्या प्रेशर चेंबरमध्ये तो पाच तास होता. आतून फोनवर म्हणाला, "मालक, चहा पाठव."

"आत चहा मिळत नाही."

"मग खोलीचं भाडं तरी कमी करून घे!"

पाय परत आला. नंतर डॉक्टरांनी हाताच्या शिरेत बारीक बुडबुडे येईपर्यंत घुसळलेलं सलाइन सोडून हृदयाचा इको केला. वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून भोक होतं. एरवी फुप्फुसात अडतात ते नायट्रोजनचे बुडबुडे त्या भोकातून थेट डाव्या बाजूला आणि तिथून अंगभर जात होते. असं भोक अनेकांना असतं, कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले.

रफिक म्हणाला, "अम्मीला सांगू नको, मालक. आत्ताच कुटं स्थळं यायला लागलीत."

त्याचं डायव्हिंग सुटलं. ते त्याने हसून सोसलं. शेरा मात्र त्याला टोचत राहिला. इकोचा रिपोर्ट एका फाइलीत, शेरा दुसरीत. मी ऑफिसरना चार पत्रं लिहिली. उत्तर नाही.

गेल्या वर्षी रफिक काविळीने गेला. त्याच्या बायकोने त्याचं डायव्हिंगचं घड्याळ मला दिलं. माझी थट्टा करायला त्याने ते कायम दोन मिनिटं पुढे ठेवलेलं. मी तसंच ठेवलंय.

साहेब, त्या दिवसाच्या लॉगमध्ये 'सहा मीटर, सात मिनिटं' हे तुमच्याच अक्षरात आहे. दोन मिनिटं जास्त थांबलेला माणूस घाबरला कधी? उत्तर द्या.