औषध कुणाच्या दंडात

आमच्या खरवई गावात माझ्याआधी कोणी बी.एस्सी. झालं नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. मोरिवलीच्या एका कारखान्यात बाबा गोदामात पोती उचलायचे आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या हाताळायचो. सकाळी दोघं पायी निघायचो. फाटक आलं की बाबा डावीकडे, मी उजवीकडे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. नवा विषाणू आहे, बोटीतून आलाय, असं पेपरात यायचं. आमच्या घरात त्याला फ्लू कोणी म्हटलं नाही. आईनं लहानपणी अठरा सालची मानमोडीची साथ पाहिली होती. आधी ताप, मग मान धरायची, मग माणूस उठायचाच नाही. तिचे वडील आणि भाऊ तसेच गेले. "तीच हाय ही," ती म्हणाली. "परत आली."

साथ जरा ओसरली तेव्हा मुंबईहून एक डॉक्टर कारखान्यात आले. नव्या लशीची परीक्षा घ्यायची होती. अर्ध्या लोकांना लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलं, ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. आधी ठाऊक असलं की डोळ्यांना हवं तेच दिसतं. कामगारांना हे मराठीत समजावायचं काम माझ्याकडे आलं.

निर्वासितांच्या कॅम्पातून येणारा एक सिंधी फिटर म्हणाला, "साईं, पानी पीना है तो नल पे पी लेंगे. सुई से काहे को?" सगळे हसले. पुढे कोणी येईना. तेव्हा बाबांनीच बाही वर केली. "माजा पोरगा सांगतोय. इचार करूनच सांगत असंल." त्यांच्यामागे मी उभा राहिलो, मग रांग लागली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

घरी आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आणि घरात देवी आल्यावर पाळतात तशी फोडणी बंद केली. तिला टोचणं म्हणजे देवी काढणंच माहीत. देवी काढल्यावर दंडावर फोड उठतो. उठला तर लागू पडली, नाही उठला तर फुकट. रोज सकाळी ती आमचे दंड बघायची. माझा लाल होऊन सुजला. बाबांचा कोराच.

"तुजी उठली. ह्यांची नाय उठली," ती म्हणाली. "ह्यांना पानी दिलं त्यांनी."

"आई, ही देवी नव्हे. हिचा फोड येत नाही."

"मंग तुजी कशी उठली?"

मी काहीबाही सांगितलं. पण पायी जाताना पुढे चाललेल्या बाबांच्या दंडाकडेच माझी नजर जायला लागली.

आठवडा झाला नसेल, बाबा भर दुपारी गोदामातून परत आले ते तापानं फणफणत, माझ्या खांद्याला धरून. घोंगडी ओढत म्हणाले, "मान धरलीय." आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

मी परत कारखान्यात डॉक्टरांकडे धावलो. "माझ्या वडिलांना काय दिलंय, लस की पाणी?"

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "ते मुंबईला बंद करून ठेवलंय. आणि कळलं तरी आता उपाय तोच. पडून राहू द्या, पाणी पाजा, दम लागला तर लगेच आणा."

त्यांना का माहीत नाही, हे मीच तर सगळ्यांना समजावलं होतं. त्या दिवशी ते मला समजेना.

घरी आलो तर आई चुलीपाशी गोधडीची सुई तापवत होती. "बस हितं. बाही वर कर. माज्या आजीला अशीच काढलेली, दुसऱ्या पोराच्या दंडातली लस घेऊन. तुज्यातली काढते न् ह्यांना टोचते."

माझी बाही अर्धी वर गेली होती. मग लाल सूज डोळ्यांसमोर आली. त्यातलं काय बाबांच्या रक्तात जाईल, या विचारानं मी हात मागे घेतला.

"नको आई. याच्यात औषध नाही."

"नाय? मंग हे काय हाय?"

बाबा डोळे मिटूनच बोलले. "तो म्हनला तवा हात पुढं केला. आता तो नको म्हनतो. ठेव सुई."

आईनं सुई ठेवली, पण चुलीच्या कडेला, हाताशी. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बाबांचा श्वास घरघरला की ती त्यांच्याकडे बघायची नाही, माझ्या दंडाकडे बघायची. बाबा गेले असते तर तिच्या लेखी दोष माझाच; औषध माझ्या अंगात होतं आणि मी ते दिलं नव्हतं. मी बाही मनगटापर्यंत ओढून बसायचो, आणि तरी वरून दंडावर हात धरून.

चौथ्या दिवशी बाबांना घाम फुटला, ताप उतरला. त्यांनी उठून स्वतः चूळ भरली आणि भाकरी मागितली. कोणाला काय टोचलं होतं ते आम्हांला कधीच कोणी सांगितलं नाही.

आईनं दारावरचा वाळलेला डहाळा काढला. चुलीवर तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला. फोडणी चर्र वाजली, तेव्हा कुठे मी दंडावरचा हात काढला.