डाव्या चाकाची पिन

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा कुणी म्हणालं देवळात जाऊन बसा, कुणी म्हणालं बागकाम करा. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका शेडमध्ये जाऊन गाडीमागं जोडायची एक खोली बनवून आणली. खाली दोन चाकं, वर पत्र्याची खोली, आत पलंग, शेगडी आणि जाळीची खिडकी. गल्लीतले लोक तिला डबा म्हणतात. मीही आधी चिक्कार भांडले, घर असताना माणसाला रस्त्यावर झोपायची हौस कशाला म्हणून. मग एका हिवाळ्यात सांगोल्याला बहिणीच्या डाळिंबाच्या बागेत ती नेऊन लावली, सकाळी खिडकी उघडली तर समोर झाडंच झाडं. तेव्हापासून मी गप्प बसले. दर हिवाळ्यात पहिली फेरी तिकडंच.

गाडी मी चालवते. ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी शिकले, आणि नंतर स्टिअरिंग परत दिलंच नाही. पण चाकं ह्यांची. सगळी नोकरी कारखान्यात मशिनींच्या देखभालीत गेलेली, त्यामुळं दसरा झाला की अंगणात जॅक लागणार, चाकं उतरणार, आतली बेअरिंगं निघणार, डिझेलमध्ये धुतली जाणार. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दाबत राहायचं, वरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. ते झालं की सगळं परत बसवायचं, नट आवळायचा, थोडा सैल सोडायचा, नटातून आडवी पिन घालून तिचे पाय वाकवायचे आणि वरून पत्र्याची टोपी ठोकायची. पिन नसली तर काय होतं, हे मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. नट फिरत फिरत सुटतो आणि चाक निघून जातं, असं हे म्हणाले, चहात साखर कमी झाली म्हणावं तशा आवाजात.

चाक निघून जाताना मी डोळ्यांनी बघितलंय. मोहोळच्या रस्त्यावर पुढं उसाची ट्रॉली होती. तिचं चाक सुटलं आणि एकटंच रस्त्यानं धावत सुटलं, ट्रॉलीच्याही पुढं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर नवराबायको होते, बाईच्या मांडीवर मूल. चाक त्यांच्या बाजूनं गेलं आणि शेतात जाऊन पडलं. त्या बाईनं किंकाळीसुद्धा मारली नाही, नुसतं तोंड उघडलं. ते तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढं येतं.

आता यंदाचं. उन्हाळ्यात हे स्कूटरवरून नवी पेठेत माझा ब्लाउज शिवायला टाकायला गेले आणि रिक्षानं परत आले. स्कूटर कुठं आहे विचारलं तर म्हणाले, कुठली स्कूटर? मग स्वतःच हसले, मीही हसले, आणि दोघं जाऊन ती घेऊन आलो. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. पुढं तेच तेच. गॅस चालू, नळ चालू, गेटाबाहेर पाऊल टाकून उभे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषध दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, लक्ष ठेवा. कशावर ठेवा आणि किती ठेवा, ते काही सांगितलं नाही. बहिणीला मी यातलं काही बोलले नव्हते. ह्यांनीच बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. आणि आणखी एक म्हणाले होते, "तू माझी परीक्षा घेत जाऊ नकोस." त्यानंतर हे केलं का, ते केलं का, असं विचारायचीच मला चोरी झाली. विचारलं की हे दिवसभर गप्प. ह्यांचा राग मी आयुष्यभर झेलला असता, ते गप्प बसणं मात्र झेलवत नव्हतं.

तर दसऱ्यानंतर चाकं उतरली. मी स्वयंपाकघरात होते, पण कान अंगणात. उजवं चाक झालं. डाव्या चाकाच्या वेळी हे आत आले. पिना, वॉशर, खिळे असल्या बारक्या वस्तू स्वयंपाकघराच्या खिडकीत एका जुन्या डब्यात असतात. हे डब्यापाशी आले आणि उभे राहिले. हाताला कोपरापर्यंत ग्रीस. उभेच. मग माझ्याकडं वळून म्हणाले, मी कशाला आलो गं? मी चटकन म्हणाले, चहाला. का म्हणाले असेन? ह्यांचं तोंड तसं बघवेना म्हणून. चहा झाला, तेवढ्यात बहिणीचा फोन आला, मी बोलत बेडरूममध्ये गेले. परत आले तर अंगणात हातोडीचा आवाज. टोपी ठोकली जात होती. मधल्या वेळात हे खिडकीतल्या डब्याकडं परत आले होते की नाही, ते मला ठाऊक नाही. डबा उघडून बघितला. त्यात पिनांचा नुसता ढीग. ढिगातली एक कमी झाली, हे कुणाला कळणार?

मी बाहेर जाऊन नुसतं म्हणाले, झालं का सगळं? हे म्हणाले, झालं की. मी चाक वरून धरून हलवलं, खालून धरून हलवलं, अगदी ह्यांनी शिकवलं होतं तसं. घट्ट होतं. पण पिन नसली तरी पहिल्या दिवशी घट्टच असणार. उद्या, परवा, हमरस्त्यावर काय? टोपी उघडा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. उघडल्यावर आत पिन नसली तर ह्यांचं काय होईल, ही भीती चाक निघायच्या भीतीएवढीच मोठी होती. खोटं कशाला बोलू, जास्तच होती.

निघालो. मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागून ट्रक हॉर्न मारून मारून जात होते, एका ड्रायव्हरनं हात काढून काय ते बोलूनही घेतलं. माझं लक्ष आरशात, आरशातल्या डाव्या चाकात. चाक डगमगतंय असं वाटायचं, मग आरसाच हलतोय असं वाटायचं. कामतीपाशी थांबले, लघवीला जायचंय असं खोटंच सांगितलं, आणि मागं जाऊन चाकाच्या मधल्या हबला उलटा हात लावला. कोमट. उजव्याला लावला. तोही कोमट. कोमट चांगलं, हे म्हणायचे. पण सुटणारा नट आधी गरम होतो की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढं भीमेचा पूल आला. पुलावर समोरून एस.टी. येत होती, खच्चून भरलेली. मी पुलाच्या अलीकडंच गाडी कडेला घेतली. हे म्हणाले, आता काय? आणि मी बोलून गेले. "डाव्या चाकात पिन घातलीत का तुमी? खरं सांगा. मला लई भ्या वाटतंय."

हे चिडतील, गप्प होतील, काय वाटेल ते होऊ दे, असं मनाशी म्हटलं. हे स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन उतरले. टोपीच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर लावून टकटक करत ती काढली. आत ग्रीसमध्ये पिन होती. दोन्ही पाय नीट वाकवलेले. मी वाकून ती बोटानं हलवून बघितली. हे हसले. म्हातारी घाबरट झाली म्हणाले, इतकी वर्षं बेअरिंगं भरलीत मी, पिन विसरंन व्हय? टोपी ठोकली, अंगठ्यानं कडेचं ग्रीस पुसलं, हात चिंधीला पुसले. मला इतकं हलकं वाटलं की मी ह्यांना चार शिव्या दिल्या आणि पूल ओलांडला. शेंगा काढल्या, दोघांनी खाल्ल्या. डॉक्टरला काय कळतंय, असंसुद्धा मी मोठ्यानं म्हणाले.

मंगळवेढ्याच्या अलीकडं हे एकदम सरळ बसले.

"अगं, थांब. डाव्या चाकात मी पिन घातली का?"

मला वाटलं चेष्टा. ह्यांना असल्या चेष्टेची खोड आहेच. मी म्हणाले, झालं का सुरू? आणि ह्यांच्याकडं बघितलं. तोंडावर घाम होता. तोंड त्या मोहोळच्या रस्त्यावरच्या बाईसारखं नुसतं उघडं. मी गाडी कशी कडेला घेतली मला आठवत नाही. ती थांबायच्या आत ह्यांनी दार उघडलं होतं.

मी मागं पोचले तेव्हा हे चाकापाशी उकिडवे बसले होते. स्क्रू ड्रायव्हर टोपीला लावलेला, पण हात थांबलेला. टोपीच्या कडेवर ताजे ओरखडे होते, पत्रा चमकत होता. बाजूला ग्रीसमध्ये अंगठ्याचा ठसा. आयुष्यभर मशिनी बघितलेला माणूस तो. ह्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले,

"ही टोपी कुणीतरी आत्ता उघडलीय. थोड्या वेळापूर्वी. कुणी हात लावला गं हिला?"

मी उघडली म्हणू शकले असते. वाटेत एका मेकॅनिकनं बघितली म्हणू शकले असते. घरात एवढ्यातेवढ्यावर खोटं बोलते मी. पण हे वर माझ्याकडं बघत होते, आणि मला एकही खोटं सुचलं नाही.

"तुम्हीच," मी म्हणाले. "पुलाच्या अलीकडं."

ह्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. नखांत ग्रीस होतं. अंगठा त्या ठशावर ठेवून बघितला. बसला. मग हे खाली मातीतच बसले, पाय पसरून, लहान मूल बसतं तसे. मागनं ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी त्यांच्या खांद्याला धरून उभी होते.

मग हे म्हणाले, "मग आत पिन हाय का?"

"हाय."

"तू बघितलीस?"

"बघितली. माझ्या डोळ्यांनी."

टोपी ह्यांनी उघडली नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला, हातोडी दिली, खिशातली चिंधीही दिली, आणि माझ्या हाताला धरून उठले.

"हितनं पुढं तूच बघत जा," म्हणाले, "आणि मी विचारलं की सांगत जा."

हे गाडीत जाऊन बसले. मी हत्यारं मागच्या सीटवर ठेवली, मागं जाऊन डावं चाक वरून धरून, खालून धरून हलवून बघितलं, आणि मग किल्ली लावली.