पद्मिनीच्या सीटवरची पन्नी

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावला पिंप्राळ्याच्या रस्त्यावर आमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. हे कापायचे, मी शिवायची. शाळा माझी चौथीतच सुटली, पण रेक्झिनला नुसता हात लावून मी सांगायची, हे दोन उन्हाळे काढेल की एकच.

दुकानासमोरच्या बाकावर गाडीवाले बसायचे आणि भांडायचे. अँबेसेडरवाला म्हणायचा, आमच्या गाडीत अख्खं वऱ्हाड मावतं. पद्मिनीवाला म्हणायचा, वऱ्हाडच न्यायचंय तर ट्रक घे ना... जीपवाला काहीच बोलायचा नाही. जीप चालवून चालवून त्याला ऐकूच कमी यायचं.

हौस तर विचारू नका. मागच्या काचेला जाळीचे पडदे, पडद्यांना गोंडे, स्टेअरिंगला रंगीत प्लास्टिकची दोरी. एकानं तर अँबेसेडरच्या बॉनेटवर कुठल्याशा परदेशी गाडीचं चिन्ह बसवून आणलं. मी म्हटलं, भाऊ, पावडर लावली म्हणून माणसाचं नाव बदलतं का?... हे मला डोळ्यांनी गप्प करायचे. मी होत नव्हते.

तर सुपडूशेठ. हार्डवेअरचं दुकान, माणूस सरळ. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, पद्मिनी बुक केली होती. तेव्हा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची... गाडी आली, पण आबा तिच्या चार महिने आधीच गेले.

शेठनं मग ठरवूनच टाकलं, आबांची गाडी नवी ती नवीच राहिली पाहिजे. सीटवर कंपनीतून आलेली प्लास्टिकची पन्नी काढलीच नाही. तिच्यावर माझ्याकडून रेक्झिनचं कव्हर, त्याच्यावर टॉवेलच्या कापडाचं. आणि त्या दिवशी आले ते मखमल शिवून घ्यायला... लाल!

"आता तिसरं?" मी विचारलं.

म्हणाले, मायला धुळ्यापलीकडे सोनगीरला न्यायचंय. मामा अंथरुणाला लागलाय, बहिणीला आणा म्हणून रोज निरोप येतोय. दोनदा निघालो, दोन्ही वेळा उलट्या झाल्या म्हणून मायला एरंडोलवरून परत आणलं. एसटीची पायरी तिच्यानं चढवत नाही. सीट आणखी मऊ केली तर पोचेल कदाचित...

त्यांच्या आई, अक्का, गाडीतच होत्या. दार उघडं, पाय बाहेर, पदर तोंडाला. मी माप घ्यायला आत वाकले आणि मलाच गरगरलं. जळगावचं ऊन, त्यात तापलेल्या पन्नीचा तो वास... सीट दाबली तर आतून करकर आवाज. घाम जिरायला जागा नाही, बसलं की माणूस पुढे घसरतो. आणि याच्यावर हे मखमल चढवणार!

मला समजावत बसायचा भारी कंटाळा. अक्कांना हात धरून बाकावर बसवलं. कव्हरांच्या नाड्या सोडल्या, ब्लेड घेतलं आणि पुढच्या सीटची पन्नी कडेकडेनं कापून ओढून काढली. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.

शेठ धावत आले. "वहिनी! काय केलं हे? आबांची गाडी आहे ती!"

एवढा मोठा माणूस, आवाज फाटला त्यांचा. डोळे भरून आले. हे कात्री हातात धरून नुसते उभे... बाकावरचे गाडीवाले भांडण सोडून उठून आले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की आधी विचारायला हवं होतं.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश गाडीपाशी आल्या. उघड्या सीटवरून तळहात फिरवला, बसल्या, पाठ टेकली. मुलाकडे बघून आपल्या बोलीत म्हणाल्या, "तुना बाप गाडीमा बसनार व्हता रे... पन्नीवर नही."

शेठ वाकले. खाली पडलेली पन्नी उचलून तिची घडी घालायला लागले, तर अक्कांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवली. मी रेक्झिन बाजूला टाकलं, नुसतं टॉवेलचं कव्हर चढवलं. गाडी तिथूनच धुळ्याच्या दिशेनं गेली.

आठ दिवसांनी शेठ परत आले. माय सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत खिडकीतून बोटं दाखवत गेली म्हणे. मामानं दोन दिवस तिचा हात सोडला नाही... एवढं सांगून म्हणाले, "मागची पण काढा, वहिनी."

चूक झाली, असं मी तेव्हाही तोंडानं म्हटलं नाही. माझ्याच्यानं होत नाही ते.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांकडून पत्र्याचा डबा आला. आत बिबड्या, ज्वारीचे पापड, तीळ टोचलेले. सोबत निरोप... गाडीच्या पन्नीवर वाळत घातल्या, एकही चिकटली नाही. मग दर वर्षी तो डबा येत राहिला, अक्का होत्या तोवर. न विचारता ब्लेड चालवणाऱ्या बाईला कुणी इतकं देतं का? मला मिळालं.

काल आमच्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर नव्या गाडीचे फोटो टाकले. गाडी छान आहे रे, रंगही आवडला. पण सीटवर पन्नी तशीच दिसतेय...

या वेळी आधी विचारते. ब्लेड घेऊन येऊ का?