झाकणाचे खिसे

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सहा खिशांची पँट घालून फिरणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. सहलीला निघालात का, आणि मुलाची घातलीत का. खिसेरावांना मुलगा नव्हता, आणि सहलीला आपण शेवटचे कधी गेलो ते त्यांना आठवत नव्हतं. ते लिफ्ट दुरुस्त करत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. 'खिसेराव' हे नाव शेजारच्या वहिनींनी ठेवलं आणि ते अख्ख्या इमारतीत रुळलं. बायकोसुद्धा चिडली की तेच वापरायची.

पँट खाकी, ढगळ. पुढे दोन साधे खिसे, मागे दोन झाकणाचे आणि दोन्ही मांड्यांवर झाकणाचे एकेक. अशा तीन पँटी होत्या. उजव्या मांडीवर पाने, डाव्या मांडीवर सोडवलेले स्क्रू, मागे एकीकडे चिंधी आणि दुसरीकडे खडू नि टेस्टर. ही जागा कधी बदलत नसे. मात्र घरून निघताना खिसे रिकामे असायचे. एकदा बसमध्ये त्यांच्या पान्याचं टोक एका बाईंना लागलं होतं. त्या बाईंनी पुढचे सहा थांबे त्यांचा असा उद्धार केला, की तेव्हापासून सगळी हत्यारं कापडी पिशवीत जात. कामाच्या जागी पोचलं की ते एखाद्या पायरीवर बसत आणि एकेक झाकण उघडून खिसे भरत. ते चालू असताना कुणी बोलायला आलं तर ऐकू येत नसल्यासारखं करत.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. कपाटातल्या औषधांसारखंच तिला घरही लागायचं: लेबल पुढे, रांग सरळ. त्या पँटीच्या खिशात विसरलेल्या एका नटानं तिचं धुण्याचं मशीन आठवडाभर बंद पाडलं होतं. तो नट तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, येता-जाता दिसावा म्हणून.

गेल्या वर्षी खिसेरावांच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी शिड्या बंद करायला सांगितल्या. कंपनीनं समजूतदारपणे तक्रारींच्या फोनवर बसायची खुर्ची देऊ केली. खिसेराव दोन दिवस त्या खुर्चीवर बसून आले आणि घरी येऊन म्हणाले, "दिवसभर दोन्ही हात मोकळे. नुसते टेबलावर पडलेले. कुणाचे आहेत तेच कळेना."

त्यातच तंत्रशाळेची जाहिरात आली. लिफ्टच्या कामासाठी शिक्षक पाहिजे, वयोमर्यादा बावन्न. बावन्न पुरं व्हायला त्यांना दोन महिने होते. ही जागा मिळाली नाही तर फोनची खुर्ची ठरलेली होती. मुलाखतीचं पत्र आलं, दोन पानांचं. पहिलं पान त्यांनी बायकोच्या हातात दिलं. दुसरं, ज्यात प्रात्यक्षिकाचं लिहिलं होतं, ते सवयीनं खिशात गेलं आणि घरात कुणी पाहिलंच नाही.

"मुलाखतीला ती राखाडी पँट घाला," बायको म्हणाली. "भाच्याच्या लग्नातली."

"हीच घालणार."

"अहो, तिथे शिक्षक म्हणून घेणार आहेत तुम्हाला, हमाल म्हणून नव्हे."

मुलगी कॉलेजातून आली होती. तिनं बूट काढता काढता बापाकडे पाहिलं. "बाबा, तू ती घालून गेलास ना, तर ते विचारतील तंबू कुठे ठोकणार."

"विचारू देत."

"आणि डब्बा कुठल्या खिशात, तेही विचारतील."

"दोघी हसून घ्या," खिसेराव म्हणाले. "पण हीच घालणार."

हा आवाज बायकोच्या ओळखीचा होता. लग्नाच्या चौथ्या दिवशी माळ्यावरची पाण्याची टाकी आपणच उतरवणार असं ते याच आवाजात म्हणाले होते, आणि उतरवली होती. शनिवारी दुपारी, ते गुडघे शेकायला गेले असताना, तिनं तिन्हींतली सगळ्यात कमी विटलेली पँट काढली, कडक इस्त्री केली आणि फुगणारी चारही झाकणं आतून शिवून टाकली. दोरा कापडाच्या रंगाचा, टाके अगदी बारीक. वरून काही दिसेना. पँट आता जवळजवळ साधी वाटत होती. पुढचे दोन खिसे उघडेच ठेवले होते, एक रुमालाला, एक पाकिटाला. बोलायला जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

सोमवारी खिसेरावांनी ती पँट घातली, पिशवी उचलली आणि निघाले. इस्त्री छान आहे, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

तंत्रशाळेच्या मागच्या बाजूला तीन मजली लोखंडी सांगाडा होता, त्यात शिकवायची लिफ्ट. समोरच्या व्हरांड्यात सहा उमेदवार बसले होते. खिसेरावांचा नंबर चौथा. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, पिशवी उघडली, उजव्या मांडीचं झाकण उचलायला गेले. उचलेना. बोट घालून पाहिलं. मग डावीकडचं. मग उठून मागचे दोन.

टाका ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. या हाताचे टाके ते सव्वीस वर्षं शर्टाच्या बटणांवर पाहत होते.

आणि बूड पायरीला टेकल्यावर त्यांना असंच आधी एकदा झाल्याचं आठवलं.

तेव्हा ते खिसेराव नव्हते. नऊ वर्षांचा एक पोरगा होता, ज्याच्या हाफपँटला दोनच खिसे होते आणि त्यात अर्धी स्प्रिंग, लोहचुंबक, बाटल्यांची बुचं, काडेपेटीत मेलेला भुंगा आणि जांभळ्या शाईची पेन्सिल असं सगळं असे. ती पेन्सिल एका सकाळी धुण्याच्या बादलीत गेली. वडिलांचे तीन पांढरे शर्ट जांभळे झाले. आई घरी उशांचे अभ्रे शिवून द्यायची. तिनं पोराचे दोन्ही खिसे मशीनवर घालून बंद केले. आठ दिवस त्याला शाळेच्या रस्त्यानं चालताच येईना. हातांचं काय करायचं ते समजत नव्हतं. रस्त्यात छान छान वस्तू पडलेल्या दिसत आणि त्या तशाच टाकून पुढे जावं लागे. नवव्या दिवशी तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि वडिलांच्या जुन्या ब्लेडच्या अर्ध्या तुकड्यानं एकेक टाका उसवू लागला. ओढायचा नाही. टाका उचलायचा, कापायचा, पुढच्यावर जायचं. आई कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिनं पँट हातातून घेतली आणि उजेडात धरली. कापडाला एक भोक नव्हतं.

"एवढा वेळ एका जागी बसलास?" एवढंच ती म्हणाली. मग वडिलांच्या फाटक्या पिशवीच्या खाकी कापडातून तिनं दोन खिसे बेतले, झाकणाचे, टिचबटण लावलेले, आणि पँटीच्या मांड्यांवर बसवले. "काय भरायचं ते भर. पण धुवायला टाकताना रिकामे. नाहीतर परत शिवीन."

वर्गातली पोरं हसली होती. त्यानं दुसऱ्या दिवशीही तीच पँट घातली होती.

खिसेरावांनी पिशवीतून कटर काढला, पातं बोटभर पुढे घेतलं आणि उजव्या मांडीवर वाकले.

शेजारी टाय लावलेला एक तरुण उमेदवार बसला होता. त्याला राहवलं नाही. "काका, काय करताय?"

"उसवतोय."

"आत्ता?"

"मग कधी?"

"सरळ ओढा की. एका झटक्यात निघेल."

"निघेल. पण झाकणही निघेल. मग स्क्रू कशात ठेवू?"

पहिलं झाकण सुटलं. दुसरं झालं. मागच्या खिशांसाठी पँट काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी कमरेतून वळून, एका हातानं कापड ताणून, नुसत्या स्पर्शानं टाके शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात कारकुनानं त्यांचं नाव पुकारलं.

"दोन बाकी आहेत," खिसेराव म्हणाले.

"काय दोन?"

"खिसे."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. "हे बघा, आता नाही गेलात तर शेवटी जावं लागेल. प्राचार्य मॅडम एकला उठतात. राहिलात तर राहिलात, मग मला बोलायचं नाही."

खिसेरावांनी व्हरांड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. दोन खिसे मोकळे होते, तेवढ्यावर भागलं असतं. बाकीचं हातात धरून, दातात धरून. असं काम त्यांनी आयुष्यात एकदाच केलं होतं.

"पुढच्याला घ्या," ते म्हणाले.

त्यांना आत बोलावलं तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. चारही झाकणं उघडी होती, खिसे भरलेले होते आणि पँटीवर दोऱ्यांची टोकं लोंबत होती. प्राचार्यबाईंनी पेनाचं टोपण लावून ठेवलेलं होतं. सोबतच्या पांढऱ्या केसांच्या इंजिनियरनं हत्यारांचा ट्रे पुढे केला. "लिफ्टच्या छपरावर चढा. दाराच्या कुलपातला विजेचा संपर्क नीट बसत नाही, तो बसवा. ट्रे न्या बरोबर."

"ट्रे इथेच राहू दे," खिसेराव म्हणाले.

गुडघ्यांनी छपरावर चढताना जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. वर गेल्यावर त्यांनी आधी बंदचं बटण दाबलं, मान वर करून दोर पाहिले आणि मग कुलपाला हात घातला. पुढची सहा मिनिटं त्यांनी एकदाही खाली मांडीकडे पाहिलं नाही. उजवा हात जायचा, पाना घेऊन यायचा. डावा हात स्क्रू घेऊन जायचा, झाकण बंद व्हायचं. कुलूप खटकन बसलं.

"ट्रे का नको?" इंजिनियरनं खालून विचारलं.

"ट्रे असला की हात ट्रेकडे जातो आणि नजर हाताच्या मागे जाते. इथे नजर वर पाहिजे."

"सकाळपासून दोघांनी स्क्रू खाली पाडले."

"मीही पाडलाय. पहिल्याच वर्षी. हातात नि दातात धरून काम करत होतो. तो शोधायला माझे उस्ताद लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले, आणि वर कुणीतरी बटण दाबलं. वाचले. पण पाय गेला. त्यानंतर वर चढल्यावर मी खिसे सोडून कशात काही ठेवलं नाही."

बाई इतका वेळ त्यांच्या पँटीकडे बघत होत्या. "हे दोरे कसले?"

"बायकोनं शिवले होते खिसे. नीट दिसावं म्हणून."

बाईंना हसू आवरलं नाही. "मग दुसरी पँट घालायची होती एका दिवसापुरती."

"शिकवायला हीच घालणार," खिसेराव शिडीवरून एकेक पाय सावकाश खाली टाकत म्हणाले. "आज दुसरी घालून आलो असतो तर तुम्ही दुसऱ्याच माणसाला घेतलं असतं."

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं आणि तिची नजर थेट दोऱ्यांवर गेली. "उसवलेत?"

"प्रात्यक्षिक होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं."

"दुसरं पान होतं?"

"खिशात होतं."

"बघा!" ती म्हणाली. "म्हणजे खिशांनीच घात केला." पण ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि झाकण हातात घेऊन उलटंपालटं करू लागली. कापडाला कुठे चीर नव्हती. "एवढे बारीक टाके होते माझे. कसे काढलेत?"

मग त्यांनी तिला मोरीच्या उंबऱ्याचं सांगितलं, ब्लेडचं, आईचं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "सव्वीस वर्षांत हे आज सांगताय. आणि एक सांगा, तुमच्या आईनं शिवले तर ती शिकवण, मी शिवले तर घात?"

"तिनं नंतर दोन जास्तीचे लावून दिले."

"माझ्याकडून ती आशा ठेवू नका."

पत्र आठ दिवसांनी आलं. नेमणूक पहिल्या तारखेपासून. खाली एक ओळ होती: पोशाख नीटनेटका असावा. बायकोनं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली आणि शर्ट यापुढे मी ठरवणार, असं जाहीर करून टाकलं. खिसेरावांनी मान हलवली. शर्टाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

विद्यार्थ्यांनी काय काय आणायचं याची यादी त्यांना शाळेला द्यायची होती. टेबलावर कागद घेऊन त्यांनी लिहिलं: पहिलं, सहा खिशांची पँट, चार खिसे झाकणाचे.

बायको पालेभाजी निवडता निवडता डोकावली. "त्याखाली लिहा, धुवायला टाकताना रिकामी करणे."

खिसेरावांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. "नाहीतर?"

"नाहीतर घरचे शिवून टाकतील."

त्यांनी तिचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. दुसरं ते वर्गात तोंडी सांगणार होते. मग खिडकीच्या कट्ट्यावरचा तो नट त्यांनी उचलला आणि, पोरांना दाखवायला, कापडी पिशवीत टाकला.