दोन दिवसांची ऊब

भांडुपचा काशीराम गावडे सत्तावीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर होता. रंग आला की ट्रे ओढायचा. मिनिटभर उशीर झाला तर अख्खा माल कचऱ्यात. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याजवळ उरलं ते एवढंच शहाणपण, आणि नाक. साकीनाक्याच्या एका गाळ्यात बिअर बनवणाऱ्या चंद्रप्रकाश शेठने त्याला टाक्या धुवायला ठेवून घेतलं.

"बिअर? ह्या वयात?" बायकोने, सुगंधाने, कपाळाला हात लावला.

"धुवूक जातंय, पिवूक नाय."

पण तिथली ब्रूअर श्रुतिका, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली सव्वीस वर्षांची मुलगी, तिने त्याचं नाक हेरलं. पोतं उघडताच कुठलं माल्ट शिळं आहे ते तो सांगायचा. तिने त्याला चव घ्यायला बसवलं.

"काळी म्हणजे कडक ना?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सगळे हेच समजतात, काका. माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली; ती जास्त भाजली की बिअर काळी होते. कडकपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही." तिने दोन काळे ग्लास पुढे ठेवले. "ही स्टाउट, उबेत भराभर आंबवलेली. ही लागर, थंडीत सावकाश."

पहिलीत त्याला कॉफी आणि करपलेली कड लागली. दुसरीचा घोट त्याने तोंडात बराच वेळ धरला. दिसायला तितकीच काळी, पण अंगाने हलकी, आणि मागे काही न ठेवता संपणारी.

"पावाची पाठ," तो म्हणाला. "भट्टीतून काढल्यावर वरती तपकिरी असते ना, ती."

श्रुतिकाने ते फळ्यावर लिहून ठेवलं.

मग तिने स्वतःची पहिली काळी लागर लावली. आंबणं संपत आलं आणि नेमकं तिला बहिणीच्या लग्नाला जावं लागलं. निघताना टाकी काशीरामवर सोपवून तिने बजावलं, "बुडबुडे थांबले तरी दोन दिवस टाकी सोळा डिग्रीवरच ठेवा. यीस्टच लोण्याचा वास तयार करतं आणि उबेत तेच तो परत खाऊन टाकतं. लागरमध्ये तो वास म्हणजे दोष. दोन दिवस झाले की मगच थंड करा."

बुडबुडे थांबले. झालेला माल भट्टीत ठेवायचा? काशीरामच्या हाताला ते पटेना. त्याच दुपारी त्याने टाकी थंड केली. रजिस्टरात मात्र तिने सांगितलेलेच आकडे लिहिले. उगाच प्रश्न कशाला?

तीन आठवड्यांनी सकाळी अकराला चौघं चव घ्यायला बसले. बारमध्ये माल विकणारा प्रीतम घोट घेताच म्हणाला, "झकास! लोणी लावलंय जणू. काका, बिस्किट बुडवून बघा."

"उद्या भरायला घ्या," शेठ म्हणाले. "शनिवारी सगळ्या बारवाल्यांना बोलावलंय."

काशीरामने वास घेतला. कारखान्यात बटर इसेन्सचं पिंप उघडलं की हाच वास यायचा. पावाची पाठ होती, पण तिच्यावर लोणी बसलं होतं.

श्रुतिका अजून ग्लास नाकाशी धरून होती. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

'चांगली आहे' म्हटलं असतं तर विषय संपला असता. सत्तावन्नाव्या वर्षी इथून निघून तो जाणार कुठे? त्याने ग्लास खाली ठेवला.

"एक ग्लास गरम पाण्यात ठेवून बघ."

ही परीक्षा तिनेच त्याला शिकवली होती: लोण्याचा दोष लपलेला असला तर गरम केल्यावर वर येतो. अर्ध्या तासाने ग्लास काढून गार केला. प्रीतमनेच नाक मागे घेतलं. "हे तर थिएटरातलं पॉपकॉर्न, यार."

श्रुतिकाने रजिस्टर उघडलं. "ऊब तर दोन दिवस दिलीय. म्हणजे माझं यीस्टच..."

"शिकलेली म्हणून तुझ्यावर सोडलं," शेठ कडाडले, "आणि हजार लिटरची वाट लावलीस!"

तिने मान खाली घातली.

"शेठ, ते आकडे खोटे आहेत," काशीराम म्हणाला. "बुडबुडे थांबले त्याच दुपारी मी थंड केली."

"मग असं लिहिलंस का? घाबरलास?"

"घाबरलो नव्हतो. मला वाटलं, मला जास्त कळतं."

श्रुतिकाने रजिस्टर मिटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच दिवशी फोन केला असतात, तर टाकी पुन्हा उबेला आणली असती." तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शेठने त्याला काढलं नाही, पण टाक्यांची चावी काढून घेतली. तेव्हापासून त्याने फक्त केग, म्हणजे बारमध्ये जाणारी बिअरची पिंपं, धुवायचे. शनिवार रद्द झाला. ताज्या यीस्टने लोण्याचा वास खाऊन टाकावा म्हणून श्रुतिकाने टाकीत नवी, जोमाने आंबत असलेली लागर मिसळली आणि पुन्हा ऊब दिली. काशीरामशी ती कामापुरतंही बोलेना.

सातव्या दिवशी ती त्याच्याकडे आली आणि गरम पाण्यातून काढून गार केलेला ग्लास त्याच्यासमोर धरला. तिचे डोळे रोजच्या जागरणाने लाल झाले होते. आज 'वास गेला' म्हटलं की ती टाकी थंड करायला मोकळी होती, हे त्याला दिसत होतं.

त्याने ओले हात पुसले, ग्लास घेतला, डोळे मिटून दोनदा वास घेतला.

"आहे अजून," तो म्हणाला. "थोडा आहे."

श्रुतिकाने एक सुस्कारा सोडला, मान हलवली आणि टाकी आणखी दोन दिवस उबेतच ठेवली.