गोपाळभाऊंचं हॅलो

गोपाळभाऊ कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आधी एक टाळी वाजवायचे. एकच, पण सणसणीत. मग मान तिरकी करून ती टाळी कुठे जाऊन विरते ते ऐकायचे, आणि त्यानंतरच नमस्कार वगैरे. आमच्या नव्या घराच्या वास्तुपूजेला भटजींचे मंत्र ऐन रंगात आले असताना त्यांनी अशीच टाळी ठोकली. भटजी दचकून थांबले. मी शाळामास्तर, म्हणून गोपाळभाऊ मला गुरुजी म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हॉल घुमते तुमचा. जाड पडदे लावा." आम्ही पडदे लावले नाहीत, आणि आजही आमच्याकडे दोघं एकदम बोलू लागले की तिसऱ्याला काही समजत नाही.

ब्रह्मपुरीत ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांना साऊंड पुरवायचा, हा त्यांचा धंदा. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, सुरू झाल्या की माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे टेम्पोत भरून हा गृहस्थ जो निघायचा, तो धड जेवायलासुद्धा घरी सापडायचा नाही. त्यांच्या धंद्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "शेवटच्या बोऱ्यावर बसला हाय ना, त्याले ऐकू आलं पायजे. पुढच्याचं काय घेऊन बसले? त्याले तं पेटीवाल्याचा खोकलाही ऐकू येते." दुसरी शिस्त वायरींची. अ‍ॅम्प्लिफायर, फ्यूज, बटणं, सगळं एका फळीवर स्क्रूने पक्कं, आणि फळी भिंतीला नाहीतर खांबाला. "वायर मोकळी दिसली का कोनीतरी पडलाच म्हनून समजा. अन् पडनारा नेमका पाटील असते."

त्यांची बायको इंदूबाई त्याच नाटकांत नायिका असायच्या. रंगमंचावर माइक वरून टांगलेले असायचे, त्यामुळे लांबून गायची त्यांना सवय. आवाज असा फेकायच्या की भोंगा बंद पडला तरी नाटक अडू नये. गाताना त्यांचं लक्ष मात्र एका बाजूला, अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. आवाज नीट पोचतोय असं वाटलं की गोपाळभाऊ एक हात वर करायचे. "लोकं टाळ्या वाजवत," इंदूबाई सांगायच्या, "पन मी ह्याईचा हात पाहो. हात वर झाला का मंग मले कोनाचं भेव नाई." आपल्या आवाजाबद्दल त्यांना स्वतःचं असं मतच नव्हतं. ते खातं नवऱ्याकडे होतं.

गुडघ्यांनी दगा दिला आणि इंदूबाईंचं नाटक सुटलं. गाणं सुटलं नाही. तांदूळ निवडताना, अंगण झाडताना त्या आपल्या आईची रोवण्यातली गाणी म्हणायच्या. चिखलात वाकून धान लावणाऱ्या बायांची ती गाणी. आता आमच्याकडेही रोवणीच्या बांधावर मोबाइल वाजू लागला होता, त्यामुळे ती गाणी म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. गोंडपिपरीला दिलेली त्यांची मुलगी रेखा सारखी म्हणायची, "बाबा, आईची गानी भरून ठेवा ना." गोपाळभाऊंनी मनावर घेतलं. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या, कोंबड्या शेजारी हाकलल्या, आणि माइकचा आवाज संगणकात पोचवणारा छोटा डबा आणला. इंटरफेस म्हणतात त्याला.

इंदूबाई काही माइकजवळ यायला तयार होईनात. "माइकाच्या तोंडात तोंड घालून कोन गाते जी?" असं म्हणून त्या चार हात लांब उभ्या राहिल्या. साहजिकच आवाज बारीक आला, आणि मागे पाण्याची मोटर चालल्यासारखी खरखर. मग गोपाळभाऊंनी नागपूरहून दुसरा डबा आणला, प्रीअ‍ॅम्प. माइकचा बारीक आवाज आधी फुगवायचा आणि मग पुढे पाठवायचा, एवढं त्याचं काम. त्यांनी माइक प्रीअ‍ॅम्पला जोडला आणि प्रीअ‍ॅम्पची वायर इंटरफेसच्या पुढच्या भोकात खुपसली, जिथे आधी माइकच होता तिथे. मग दोन्ही डबे फळीवर स्क्रूने पक्के, फळी भिंतीला पक्की. मी विचारलं, जोडणीचं पुस्तक वगैरे आलंय का? "माइकाची वायर माइकाच्या भोकात," ते म्हणाले, "यात वाचाचं काय हाय गुरुजी?"

त्या दुपारी मी श्रोता म्हणून हजर होतो. गोपाळभाऊंनी रेकॉर्डिंग चालू करून कानाला हेडफोन लावले, माइकसमोर खणखणीत "हॅलो, हॅलो" केलं, टाळी वाजवली. "भोंग्यावानी येते. मस्त." मग इंदूबाई गाऊ लागल्या. मला तर समोर बसून अंगावर काटा आला. गोपाळभाऊंचा चेहरा मात्र उतरत गेला. हात वर झालाच नाही. इंदूबाईंची नजर त्याच हातावर होती, त्या मधेच थांबल्या. त्यांनी दुसरं गाणं धरलं, तेही अर्ध्यावर सोडलं. गोपाळभाऊंनी आम्हाला वाजवून दाखवलं. सूर वर चढला की आवाज कापड टरकावं तसा फाटत होता. त्यांनी इंटरफेसचा नॉब खाली करून पाहिला. आवाज लहान झाला, फाटलेला तो फाटलेलाच.

मग म्हणाले, "इंदू, आवाज गेला तुहा."

त्यात टोचून बोलणं नव्हतं. ताप किती आहे ते सांगावं, तसं सांगितलं. इंदूबाई "होय का जी" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरातलं गुणगुणणंसुद्धा बंद झालं. तांदूळ मुकाट्याने निवडले जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या प्रवेशांची दवंडी ऑटोतून फिरवायची होती. ती भरून घ्यायला मी त्याच खोलीत गेलो. वर्गात ओरडायची सवय असल्यामुळे मी जोरात बोललो. वाजवून बघितलं तर माझा आवाजही टरटर फाटलेला. मी हसत म्हटलं, "काय गोपाळभाऊ, माझाही आवाज गेला की काय?"

ते हसले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घेतला, फळी भिंतीपासून सोडवली आणि इंटरफेसही फळीवरून काढला. इंटरफेसच्या पाठीला, जी बाजू त्यांनी फळीला चिकटवून टाकली होती, तिथे आणखी एक भोक होतं. ते मला दाखवत म्हणाले, "फुगवलेला आवाज मागून घालाचा असते, गुरुजी. पुढचं भोक त्याले अजून फुगवते. मी फुगवलेल्याले पुन्हा फुगवून राह्यलो होतो." त्यांनी वायर मागच्या भोकात घातली, रेकॉर्डिंग लावलं, माइकसमोर हॅलो म्हटलं आणि तिथूनच इंदूबाईंना हाक मारली.

त्या आल्या, पदराला हात पुसत. सगळं ऐकून घेतलं. गोपाळभाऊ भोकं दाखवत होते, वायर काढून दाखवत होते, आणि म्हणत होते, "तुहा आवाज साबूत हाय वं. एक डाव गाय." इंदूबाई मायेने म्हणाल्या, "राहू द्या जी. वय झालं ते झालं. मले बरं वाटावं म्हनून मशीनवर कायले आळ घेता?"

एरवी आवाजाबद्दल गोपाळभाऊंचा शब्द घरात शेवटचा असायचा. चुकलेला शब्द बाईने बिनतक्रार मानला होता, आणि खरा शब्द आता मानत नव्हती. गोपाळभाऊंनी पुष्कळ मनधरणी केली. माइक तसाच उभा ठेवला, त्यावर धूळ बसू नये म्हणून रोज फडकं झाकायचे. माझ्याजवळ एकदा बोलले, "तिनं माह्या कानावर भरोसा ठेवला, गुरुजी. नसता ठेवला तं बरं झालं असतं." त्यानंतर माझ्या घरी आले तरी टाळी वाजवेनासे झाले. मला ते फार लागलं.

गेल्या हिवाळ्यात मंडईचं सामान टेम्पोत चढवताना त्यांच्या छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं.

तेरवी झाल्यावर इंदूबाईंनी मला बोलावलं. संगणकात काय काय आहे ते रेखाला द्यायचं होतं. मी बसून एकेक लावत गेलो. पहिल्यांदा आलं ते पहिल्या दिवसाचं हॅलो. खणखणीत, आणि चिंध्या झालेलं. टाळी तर पत्र्यावर दगड पडावा तशी. भोंग्याच्या सवयीच्या कानांना त्या दिवशी तेच मस्त वाटलं होतं. इंदूबाई दारातून पुढे आल्या.

"हे असं काऊन येते? ह्याईचा आवाज असा नोता."

मग त्यांची स्वतःची अर्धवट गाणी झाली. ती त्यांनी खाली बघून ऐकली. आणि शेवटी उन्हाळ्यातलं, वायर बदलल्यानंतरचं. "हॅलो. हॅलो. इंदू, ये ना वं इकडे." इतकं स्वच्छ, की बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

इंदूबाई माझ्याकडे वळल्या. "म्हंजे त्या दिवशी ह्याईचाही फाटला होता."

"हो."

"अन् मी म्हटलं, मले समजावून राह्यले." मग त्यांनी विचारलं, "हे दोन्ही मले त्याईनं जितेपनी काऊन नाई ऐकवलं, गुरुजी?"

गोपाळभाऊंनी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज ऐकले. स्वतःचं हॅलो त्यांच्या लेखी माइक चालू आहे की नाही ते बघण्यापुरतं. ते कधी मागे जाऊन ऐकावं, बायकोला ऐकवावं, हे त्या माणसाला सुचलंच नाही. मलाही सुचलं नाही.

"ते मंगाचं पुन्हा लावा," इंदूबाई म्हणाल्या. "साफवालं."

मी लावलं. हॅलो. हॅलो. इंदू, ये ना वं इकडे. दारापाशी जाऊन उभ्या राहिलेल्या इंदूबाईंनी डोळे मिटले आणि एक हात वर केला, आवाज नीट पोचला की गोपाळभाऊ करायचे तसा.

गाणं मात्र त्या दिवशीही झालं नाही, नंतरही नाही.